फ्राउकेबाईंचा तारखांचा सराव

"ज्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवरची सगळी माणसं एकाच भाषेत एकमेकांना आजची तारीख सांगू शकतील, त्या दिवशी जगातलं शेवटचं युद्ध संपलेलं असेल!" ओबे मास्तर खडू छताकडे रोखून म्हणाले.

तेव्हा वर्गात आम्ही चार विद्यार्थी होतो आणि आजची तारीख काय, यावर आमच्यात दोन मते होती. बेकरीवाला सीबे सहा फेब्रुवारी म्हणत होता, पोस्टातली क्लास्के सात.

"रोज शिक्के मी मारते," क्लास्के म्हणाली.

"तरीच माझ्या मेहुण्याचं नाताळचं कार्ड ईस्टरला पोचलं," सीबे म्हणाला.

मास्तरांनी खडू खाली घेतला. जगातले शेवटचे युद्ध आणखी काही दिवस पुढे गेले.

टेर्पवाल्ड हे युरोपातल्या फ्रीसलँड प्रांतातले आमचे गाव. गावात एक कालवा, एक उघडझाप पूल, एक चर्च आणि एक एस्पेरांतोचा वर्ग. शंभर वर्षांमागे एका डोळ्यांच्या डॉक्टराने बसून सगळ्या जगासाठी नवी भाषा तयार केली, ती ही एस्पेरांतो. सगळ्या जगाने तिच्याकडे पाठ फिरवली असली तरी ओबे मास्तरांनी फिरवली नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात ते शाळेच्याच मागच्या खोलीत हा वर्ग चालवत. सीबे यायचा, कारण गुरुवारी त्याची बायको घरात गाण्याची तालीम करायची. क्लास्के यायची, कारण परदेशी पोस्टकार्डे वाचता येत नसल्याने तिची नोकरीत घुसमट होत होती. मी यायचो, कारण मास्तरांनी विचारले तेव्हा मला वेळेवर सबब सुचली नाही.

आणि फ्राउकेबाई. पुलाच्या रखवालदाराची बायको. रखवालदार हार्मेन जाऊन सहा वर्षे झाली होती, पुलाला आता बटण आले होते, पण बाई अजून पुलाशेजारच्या त्याच घरात राहत होत्या. कशासाठी शिकता, असे विचारले तर म्हणायच्या, "गुरुवारी टीव्हीवर काही नसतं." ते खोटे होते. गुरुवारी टीव्हीवर बरेच काही असे. पण टीव्ही तुम्हाला नावाने हाक मारत नाही आणि मास्तर दारातच "शुभ संध्याकाळ, फ्राउके" म्हणत. भले एस्पेरांतोत का म्हणेनात.

तारखांचा धडा चौथा. मास्तर म्हणाले, "तारखा हवेत शिकता येत नाहीत. पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने घरचं कॅलेंडर घेऊन यायचं."

पुढच्या गुरुवारी आम्ही चौघेही आपापल्या संडासातून कॅलेंडर काढून घेऊन आलो. घरातले खरे कॅलेंडर तेच. दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. त्यावर वार नसतो, साल नसते. नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे वाढदिवसांची नावे. ज्याचे नाव तुमच्या संडासात आहे, तो तुमचा माणूस. बाकीचे ओळखीचे. आणि वाढदिवसाला आमच्याकडे कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला तारीख माहीत आहे तो आपणहून येतो, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतो, एक कप कॉफी आणि केकचा एक तुकडा घेतो. बोलावणे म्हणजे गयावया करणे. टेर्पवाल्डमध्ये माणूस बुडत असला तरी कालव्यातून आधी "सहज म्हणून विचारतो" असे म्हणेल.

मास्तरांनी फ्राउकेबाईंचे कॅलेंडर घेतले. ते नावांनी गच्च भरले होते.

"वा! हे खरं कॅलेंडर! वाचा, फ्राउके. तारीख आणि नाव."

बाईंनी चष्मा लावला आणि हळूहळू, एकेक आकडा जोडत, एस्पेरांतोत वाचले, "जानेवारीची बारावी. योहान्नेस."

"छान. कोण हे?"

"थोरला भाऊ. गेला."

"अरेरे. पुढे."

"जानेवारीची एकोणिसावी. आन्के. मैत्रीण. गेली. जानेवारीची तिसावी. पीटर. तो तर केव्हाच गेला."

फेब्रुवारी संपेपर्यंत वर्गात चर्चसारखी शांतता झाली. सीबेला शांतता सहन होत नाही.

"फ्राउकेबाई, यातलं कोणी हयात आहे का हो?"

"एप्रिलमध्ये एक आहे." बाईंनी पाने उलटली आणि थांबल्या. "नाही. ती पण गेली की या नाताळात."

"मग खोडत का नाही?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "माणूस गेलं म्हणून त्याची तारीख कुठे जाते? अकरा एप्रिल दर वर्षी येतेच ना?"

मास्तरांनी फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेले नव्हते.

मी मधल्या पानावर डोकावलो. मे महिना जवळजवळ कोरा होता. तेवीस मे तर अगदीच. तो फ्राउकेबाईंचा स्वतःचा वाढदिवस, आणि स्वतःचे नाव कोणी लिहीत नाही. गेल्या तेवीस मेला त्यांनी आठ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आलो आम्ही दोघे. एक मी, दुसरे पाद्रीबाबा. त्यातले पाद्रीबाबा पुलापलीकडच्या घरी निघाले होते आणि दार चुकले होते. चूक लक्षात आल्यावरही ते बिचारे अर्धा तास बसले. उरलेल्या सहा खुर्च्या आमच्याकडे बघत होत्या. आणि यंदा बाईंना सत्तर वर्षे पुरी होणार होती. सत्तरी म्हणजे आमच्याकडे घर भरायलाच हवे. नाही भरले तर गाव काही बोलत नाही, नुसते पडद्याआडून खुर्च्या मोजते. बाई ते कोणापाशी बोलल्या नव्हत्या. बोलणारच नव्हत्या. पण मे महिन्याचे ते पान त्यांनी इतक्या घाईने उलटले की मला कळले.

धड्याच्या शेवटी मास्तरांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: "माझा वाढदिवस अमुक तारखेला असतो. तुम्ही कधी येणार?"

"प्रत्येकाने आपली तारीख घालून हे बारा वेळा लिहून आणायचं," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सीबेने तीन वेळा लिहून आणले होते, क्लास्केने बारा वेळा आणि मी सीबेचे बघून लिहिले होते.

"फ्राउके, तुमची वही?"

"टाकलं की."

"टाकलं? कुठे टाकलं?"

"पेटीत."

"कचऱ्याच्या?"

"पोस्टाच्या, मास्तर," क्लास्के मध्येच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आठवडाभर दाबून ठेवलेला आनंद होता. "बारा कार्डं. बारा देशांना. मीच शिक्के मारले."

उलगडा हळूहळू झाला. हार्मेनने कधीकाळी हौसेने आमच्या पुलाची पोस्टकार्डे छापून घेतली होती. पूल बघायला कोणी आले नाही, त्यामुळे कार्डे कपाटात पडून होती. एकच वाक्य वहीत बारा वेळा लिहून कागद वाया घालवणे बाईंच्या स्वभावात बसत नव्हते. मास्तरांच्या टेबलावर एस्पेरांतोवाल्यांचे वार्षिक पुस्तक असते. गावोगावी जी माणसे परक्याला मदत करायला तयार असतात, त्यांचे पत्ते त्यात असतात. बाईंनी बारा पत्ते उतरवून घेतले आणि बारा कार्डांवर बारा वेळा सराव केला.

मास्तर बाकावर बसले. मुलांच्या बाकावर. गुडघे हनुवटीला लागले.

"काय लिहिलंत नेमकं?"

"तुम्ही सांगितलंत तेच. माझा वाढदिवस तेवीस मेला असतो. तुम्ही कधी येणार? खाली पत्ता."

"अहो, तो सराव होता!"

"मग मी काय वेगळं केलं?"

"ही माणसं ते खरं धरतील हो!"

मास्तरांना आपली माणसे माहीत होती. एस्पेरांतोवाला अनोळखी माणसाच्या घरी असा राहायला जातो, जसे तुम्ही आम्ही पाव आणायला बेकरीत जातो. त्यांच्या जगात परका असा कोणी नसतोच. आणि मुख्य म्हणजे ही मंडळी पृथ्वीवर इतकी विरळ विखुरलेली, की त्यांच्या भाषेत त्यांना दुरून कोणी काही लिहिते, तेच मुळी अप्रूप. सरावापुरते लिहिलेले कार्ड त्यांच्यातल्या कोणाला आजवर आलेच नसेल. आले तर ते सरावाचे आहे हे ओळखायचे तरी कसे?

"मग 'येऊ नका' असं लिहून टाकू या," सीबेने सुचवले.

मास्तर खिन्नपणे म्हणाले, "नकार सहाव्या धड्यात आहे."

बाई म्हणाल्या, "कोणी येत नाही. उगाच काय! पुलाचं चित्र आहे त्यावर. बघतील आणि ठेवून देतील."

पण पाचवा धडा संपायच्या आत पहिले उत्तर आले. फिनलंडहून. क्लास्के ते घेऊन सायकलवरून पुलापर्यंत धावतच आली. म्हणजे सायकल हातात धरून धावत आली, कारण बसून चालवायचा धीर तिला नव्हता. कार्डावर एवढेच होते: "तेवीस मेला. आउने."

"म्हणजे?" फ्राउकेबाईंनी विचारले.

"म्हणजे येणार."

"ही आउने कोण?"

"काय माहीत."

"फिनलंडहून? केकच्या एका तुकड्यासाठी?" बाई भयंकर रागावल्या. इतक्या रागावल्या, की त्यांनी त्या दिवशी घराच्या सगळ्या खिडक्या आतून बाहेरून धुतल्या.

मग हंगेरीहून देझो नावाच्या रेल्वे इंजिन चालवणाऱ्याचे उत्तर आले. मग लिथुआनियाहून आल्दोना आणि तिच्या बहिणीचे. त्यांनी लिहिले होते की व्हिसा देणाऱ्याने निमंत्रण मागितले, आम्ही पुलाचे कार्ड दाखवले, त्याने पूल बराच वेळ पाहिला आणि शिक्का मारला. मग बल्गेरियातले एक जोडपे. मग जर्मनीतला वेन्डेलिन नावाचा दातांचा डॉक्टर, तो सायकलने येणार होता. प्रत्येक उत्तरात तीच एक तारीख. प्रत्येक उत्तरागणिक बाईंचा राग वाढत गेला आणि घर चकाकत गेले.

"येणार नाहीत," त्या मला म्हणायच्या. "लिहायला काय जातं माणसाचं?"

"हो ना," मी म्हणायचो.

"शाळेतल्या खुर्च्या उसन्या मिळतील का हो, रिन्से? सहज म्हणून विचारते."

तेवीस मे उजाडली. शनिवार होता. बाईंच्या बैठकीच्या खोलीत वीस खुर्च्या मांडल्या होत्या. गोल मावत नव्हता, म्हणून अंड्यासारखा आकार झाला होता. सीबेने गुलाबी आयसिंगचा नारंगी केक आणला होता. बाई निळ्या पोशाखात खिडकीपाशी उभ्या. आम्ही तीन विद्यार्थी आणि मास्तर, असे चौघे बसलो होतो. आमच्याकडे कॉफीची वेळ दहाची. दहा वाजून गेले. साडेदहाही झाले.

"तीस जणांचा केक आहे," सीबे म्हणाला. "आपण पाच. म्हणजे दर माणशी..."

"गप रे," क्लास्के म्हणाली.

समोरच्या घरातला पडदा हलला. तिथे तेआके राहतात. त्याच्या शेजारच्या घरातला पडदाही हलला. गावाचे मोजणे सुरू झाले होते.

बाई खिडकीपासून वळल्या. "म्हटलं नव्हतं मी?" त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी एक खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मग दुसरी. मी उठलो तर म्हणाल्या, "बसा तुम्ही. शाळेच्या खुर्च्या आहेत, सोमवारी लागतील त्यांना." तिसरी नेली. खुर्च्यांचे अंडे एका बाजूने फुटत चालले.

बाहेर पुलाची घंटा वाजत होती. ती सकाळपासूनच वाजत होती. त्या शनिवारी शिडाच्या नावांची फेरी होती, एकामागून एक नावा येत होत्या आणि पूल केव्हापासून हवेत उभा होता. उघडा पूल म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंतच. पलीकडचे काही दिसत नाही. शेवटची नाव सावकाश, राजासारखी निघून गेली. घंटा थांबली. बाई सातवी खुर्ची उचलायला वाकल्या होत्या, तेव्हा पूल खाली येऊ लागला.

मी आयुष्यभर तो पूल खाली येताना पाहिला आहे. त्यात पाहण्यासारखे काही नाही. पण त्या दिवशी पुलाच्या वरच्या कडेमागून आधी एक टोपी दिसली. मग एक पांढरे डोके. मग एका काठीला बांधलेला हिरवा फडका, एस्पेरांतोवाल्यांचा झेंडा. मग खांदे, बॅगा, फुलांचे गुच्छ, सायकलचे हँडल. भिंत जसजशी खाली येत गेली, तसतशी तिच्यामागून माणसे उगवत गेली, आणि ती जेव्हा रस्त्याला टेकली, तेव्हा पलीकडे सगळी युरोपभरची धूळ अंगावर घेऊन ती मंडळी एका रांगेत उभी होती. सकाळी नऊपासून उभी होती. प्रत्येकाच्या हातात आमच्या पुलाचे पोस्टकार्ड होते. ते कार्डाकडे बघत, मग पुलाकडे बघत, आणि खूण पटल्यासारखी मान हलवत. जग पाहायला लोक कुठे कुठे जातात. ही माणसे आमचा पूल पाहत होती आणि आम्ही आ वासून त्यांना पाहत होतो.

"बाई," क्लास्के कुजबुजली, "खुर्च्या परत आणा."

सगळ्यात पुढे आउने होती. ऐंशीच्या घरातली, चिमणीएवढी म्हातारी. तिने दारात फ्राउकेबाईंचे दोन्ही हात धरले आणि वाट पाहत उभी राहिली. आता बोलायची पाळी घरमालकिणीची होती. फ्राउकेबाईंना एस्पेरांतोत एकच गोष्ट येत होती. त्यांनी घसा साफ केला.

"आज मे महिन्याची तेविसावी आहे," त्या म्हणाल्या.

बारापैकी पाच घरांतून आलेल्या त्या माणसांनी अशा टाळ्या वाजवल्या, की जणू ही तारीख बाईंनीच शोधून काढली होती.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचे अभिनंदन केले. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्याचेच नव्हे, आलेल्या प्रत्येकाचे अभिनंदन करतात. देझोने माझे केले, मी सीबेचे केले, वेन्डेलिनने चुकून टोप्या टांगायच्या खुंटाळ्याचे केले. सगळे बसले. कॉफी आली. बल्गेरियन जोडप्याने गुलाबाच्या मुरांब्याची बरणी काढली, लिथुआनियन बहिणींनी काळा पाव. आणि मग ती शांतता आली, जिला मास्तर भीत होते. बाईंची भाषा संपली होती.

"मी भाषांतर करतो," मास्तर उठत म्हणाले.

देझोने हात वर केला. धिप्पाड माणूस, इंजिनाच्या धुरात वाढलेला. त्याने मास्तरांना खाली बसवले, फ्राउकेबाईंकडे वळला आणि नवशिक्याला सांगावे तसे, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ऑक्टोबरची तेविसावी. एकोणीसशे छप्पन्न." मग छातीवर हात ठेवला. मग दोन बोटे मांडीवरून पळवली, थांबवली, आणि पुन्हा मागे नेली. हंगेरीत उठाव झाला तेव्हा पळून जायला निघाला होता. परत फिरला.

बाईंना एवढ्या तारखेवरून काय कळणार, असे मला वाटले. बाईंनी डोळे मिटले, ओठांत आकडे जुळवले आणि म्हणाल्या, "डिसेंबरची आठवी. एकोणीसशे छप्पन्न." उठल्या, सोफ्यावरचे ब्लँकेट उचलले, एका अदृश्य लहान पोराच्या खांद्याभोवती गुंडाळले आणि मग दाराकडे बोट केले. मला आठवले. त्या हिवाळ्यात हंगेरीतून पळालेले एक कुटुंब आमच्या गावी आले होते. ब्लँकेटे घेऊन पहिली धावली होती ती फ्राउकेच.

देझो आपली कॉफी हलवत राहिला. साखर घातलेली नव्हती.

त्यानंतर कोणी भाषांतराचे नाव काढले नाही. गोल फिरत गेला. आल्दोना म्हणाली, "मार्चची अकरावी, एकोणीसशे नव्वद," आणि सरळ उभी राहिली. तिचा देश त्या दिवशी तिला परत मिळाला होता. शेजारी बसलेल्या बहिणीने तिचा पदर धरावा तसे तिच्या झग्याचे टोक धरून ठेवले होते. आउने एक तारीख अगदी हळू म्हणाली, साल न सांगता, आणि आपल्या अंगठीकडे पाहिले. आम्ही साल विचारले नाही. मास्तर म्हणाले, "एप्रिलची पंधरावी, एकोणीसशे पंचेचाळीस." आमचा प्रांत त्या दिवशी जर्मनांच्या तावडीतून सुटला.

मास्तरांच्या शेजारी वेन्डेलिन होता. जर्मन. आमच्या खोलीतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिले.

त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "जूनची सातवी. एकोणीसशे अठ्ठेचाळीस." आणि हवेत एक दार ठोठावले. थांबला. पुन्हा ठोठावले. मग दार उघडणाऱ्या आईचा चेहरा केला. तिने आधी त्याला ओळखले नाही. मग ओळखले. त्या दातांच्या डॉक्टरच्या एकाच चेहऱ्यावर दोन माणसे आम्हाला दिसली, दाराच्या आतली आणि बाहेरची. तो युद्धकैदेतून घरी परतला तो दिवस.

ओबे मास्तर उठले. त्यांनी वेन्डेलिनच्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला. आमच्याकडे दुसरा तुकडा कोणाला मिळत नाही. मला सख्ख्या आईकडून मिळालेला नाही.

एवढ्यात दार वाजले. समोरचे तेआके होते, खांद्यावर शिडी. परदेशी माणसांची रांग पाहून पडद्याआड राहणे त्यांना अशक्य झाले असावे.

"शिडी परत करायला आलो," ते म्हणाले.

"ती तुमचीच शिडी आहे," बाई म्हणाल्या.

"असं होय? मग जरा बसतो."

त्यांच्यामागे त्यांची बायको, तिच्यामागे पाद्रीबाबा, त्यांच्यामागे आणखी चारपाच पडदे रिकामे झाले. महिन्यांची नावे एस्पेरांतोत आणि आमच्याकडे जवळजवळ सारखीच ऐकू येतात आणि आकडे बोटांवर दाखवता येतात. तेआकेंना खेळ लगेच समजला. त्यांनी टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाले, "जानेवारी. अठरा. त्रेसष्ट." खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांनी एकदम उसासा टाकला. पाहुण्यांनीही माना खाली घातल्या.

देझोने हळूच मास्तरांना विचारले, "उठाव झाला होता का?"

"बर्फावरची स्केटिंगची शर्यत," मास्तर म्हणाले. "फार वादळ होतं हो त्या दिवशी."

देझोने मान आणखी खाली घातली.

शेवटी गोल फ्राउकेबाईंपाशी आला. त्यांनी म्हटले, "जुलैची चौथी. एकोणीसशे एकोणपन्नास." आणि दोन्ही हात समोर धरून वर उचलले. पूल उघडला. मग सायकलवर बसलेली, पाय टेकून थांबलेली मुलगी दाखवली. नाव गेली. पूल मात्र खाली येईना. बाईंनी हात तसेच वर धरून ठेवले, आणि त्यांचा चेहरा पलीकडच्या काठावरून आलेल्या कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर देऊ लागला. आधी त्रासिकपणे, मग हसून. पूल खाली येत नव्हता. हार्मेन त्याला खाली येऊ देत नव्हता. बाईंचे सत्तर वर्षांचे हात थरथरू लागले तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत. मी त्या घरात असंख्य वेळा कॉफी प्यायलो आहे. ही गोष्ट मला माहीत नव्हती. ती कळायला मला चौथ्या धड्यापर्यंत थांबावे लागले.

आउने पहिली हसली. मग सगळेच.

मग जो तो एकदम बोलू लागला, खोलीत तारखांचा पाऊस पडू लागला, आणि त्या गोंधळात देझो उठून संडासात गेला तो परत येईना. आला तेव्हा कानावर पेन्सिल होती. त्याने मास्तरांच्या कानात काहीतरी सांगितले. मास्तरांचा चेहरा पडला.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"फ्राउके, रागावू नका. त्याने आत कॅलेंडर पाहिलं. नावं, तारखा आणि बांधलेली पेन्सिल. त्याला वाटलं ते पाहुण्यांसाठीच आहे. त्याने आपला वाढदिवस लिहून टाकलाय. दोरीही तुटली म्हणतो."

गाववाल्यांनी कप खाली ठेवले. दुसऱ्याच्या कॅलेंडरवर आपले नाव आपणच लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या पलंगावर जाऊन झोपण्यासारखे. तिथे नाव घरच्यानेच घालायचे असते. तेआकेंनी टोपी पुन्हा घातली.

बाईंनी चष्मा लावला. मग म्हणाल्या, "महिना कुठला त्याचा?"

"नोव्हेंबर."

"बाकीच्यांना सांगा, मे अगदी मोकळा आहे."

मास्तरांनी ते भाषांतर केले आणि आल्दोना उठली. तिच्यामागे बहीण. मग आउने, मग वेन्डेलिन, मग बल्गेरियन जोडपे. बोळात रांग लागली. क्लास्केही जाऊन उभी राहिली.

तेआके खुर्चीत चुळबुळले. "माझं नाव असेलच ना तुमच्याकडे? सव्वीस ऑगस्ट."

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग सहज म्हणून उभा राहतो," ते म्हणाले आणि शिडीसकट रांगेत शिरले.

माझी पाळी आली तेव्हा मी दार लावून ते कॅलेंडर पाहिले. योहान्नेसच्या निळ्या शाईखाली पेन्सिलीतली बल्गेरियन अक्षरे होती, मला न वाचता येणारी. आन्केच्या शेजारी पाद्रीबाबा. जिथे नुसती गेलेली माणसे होती, तिथे त्यांच्या खांद्याला खांदा लावून हयात माणसे उभी होती, आणि वर साल नव्हतेच, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर, हे कळायला मार्ग नव्हता. मी आयुष्यात मोठमोठी चर्चे पाहिली आहेत. टोपी काढावीशी वाटली ती त्या संडासात.

बाहेर आलो तर रांग बोळातून दारात, दारातून अंगणात आणि अंगणातून थेट पुलापर्यंत गेली होती. अर्धे गाव आले होते. खुर्च्या कोणी मोजत नव्हते, कारण मोजणारे सगळे रांगेत होते. फ्राउकेबाई कॉफीची किटली घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि ती रांग पाहून बोळाच्या तोंडाशीच थबकल्या. मास्तरांनी चमच्याने कप वाजवला.

"फ्राउके, दोन शब्द बोला. कुठल्याही भाषेत."

सगळ्या माना वळल्या. देझोने टोपी काढली. बाईंनी किटली खाली ठेवली, एकेका चेहऱ्याकडे पाहिले, पार पुलापर्यंत, आणि त्यांचे डोळे भरून आले. ओठ हलले. आम्ही सगळे पुढे झुकलो.

"जरा मला पुढे सोडता का?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून आत जायला मिळालेलं नाही हो."